देवळालीचा कर्नल नव्हे!

परवा सकाळी संगणक सुरू केला आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं: 'कर्नल पॅनिक'. नाशिकात कर्नल म्हटलं की देवळालीचा तोफखाना आठवतो. हा कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. आदल्या रात्री अपडेटमध्ये नवा आला आणि पहिल्याच दिवशी घाबरून बसला!

माझ्या पोटात गोळा आला तो निराळ्याच कारणानं. आमच्या हिनं तिच्या आईकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या वहीत उतरवल्या होत्या. ही गेल्यावर मी दोन वर्षं बसून त्या टंकल्या. वही कसरीनं खाल्ली, आणि दुसरी प्रत काढायचं मी आज-उद्यावर ढकललेलं.

पुण्याला भाचीला फोन लावला. "मामा, फायली जागेवरच असतील. चालू करताना शिफ्ट दाबून धरा." यादी उघडली. तिच्यात जुना कर्नल निमूट बसलेला. तो निवडला आणि यंत्र उठलं की हो!

शिकवायची खोड जात नाही, म्हणून थोडा इतिहास. 'पॅनिक' लिनक्सच्या आधीचं, बेल लॅब्समधल्या युनिक्सचं. त्याआधीच्या मल्टिक्समध्ये चुका सावरायला भरपूर मजकूर लिहिलेला असे. युनिक्सकारांनी तो वगळला; गडबड झाली की यंत्र सरळ थांबवायचं. १९९१ मध्ये लिनस तोरवाल्ड्सनं लिनक्स आणलं, त्यातही हीच रीत. मला ती पटते. भान हरपलेल्या यंत्रानं ओव्यांवर काहीबाही लिहीत सुटण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

पूर्वी कर्नलला उठवायचं काम 'लिलो' करी. तो फाइलचं नाव नव्हे, तिची डिस्कवरची जागा लक्षात ठेवी. नवा कर्नल टाकून लिलो पुन्हा चालवायला विसरलात की बसा! घर बदललं आणि पोस्टमनला सांगितलं नाही, तसं. १९९५ मध्ये एरिक बोलेन यांनी सुरू केलेला 'ग्रब' फाइल नावानं शोधतो, म्हणून ती चूक टळली.

माझी चूक वेगळी. 'बूट'चं चिमुकलं पार्टिशन जुन्या कर्नलांनी भरून गेलं होतं. डिस्क ओळखायला नव्या कर्नलला सोबत 'इनिट्रॅमएफएस' नावाची फाइल लागते. ती लिहायला जागाच उरली नव्हती. अगदी जुने दोन काढले, चालणारा ठेवला, ती फाइल पुन्हा बनवून घेतली. नवाही उठला.

संध्याकाळी पेनड्राइव्ह आणला, एक प्रत भाचीलाही पाठवली. हिच्या शुद्धलेखनाच्या चुका टंकताना मी दुरुस्त केल्या नव्हत्या. त्या तशाच गेल्या.