व्याघ्रगडाच्या पायथ्याचे पाणी

बामणोलीहून लाँचमध्ये बसले म्हणजे शिवसागर जलाशय ओलांडून आपण वासोट्याच्या पायथ्याशी उतरतो. रानात शिरताच शीळकरी कस्तूर माणसासारखी शीळ घालतो, शेकरू या झाडावरून त्या झाडावर झेप घेते; आणि गप्प बसण्याचा धीर असेल, तर धनेशाच्या पंखांची घरघरही ऐकू येते. (हा धीर सहलीच्या टोळक्यांत आम्हांस क्वचितच आढळला.)

शिवछत्रपतींनी या गडास व्याघ्रगड म्हटले. १६६१ मध्ये राजापूरच्या वखारीतील इंग्रज कैदी येथे ठेवले होते. पुढे पेशवाईच्या अखेरीस हंटर व मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारीही येथेच अडकून पडले. ज्या रानाचा तुरुंगाच्या भिंतीसारखा उपयोग झाला, त्यात आज आपण पैसे भरून शिरतो!

पण हे पाणी अनादि नव्हे. कोयनेचे धरण १९६४ साली पुरे झाले. त्यापूर्वी खोऱ्यात भातखाचरे होती, उतारावर नाचणी होती, देवळे होती. ती माणसे उठून रायगड, ठाणे, सोलापूर, सांगली अशा जिल्ह्यांत गेली. त्यांच्या जमिनींच्या मागण्या त्यांच्या नातवंडांनाही कराव्या लागल्या. नांगर थांबला तेथे झाडोरा वाढला. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झाले. सांगलीकडे, शिराळा तालुक्यात, वारणेवरच्या धरणामागेही हेच घडले: चांदोली त्याच वर्षी अभयारण्य व २००४ साली राष्ट्रीय उद्यान झाले. अभयारण्यासाठी आणखी गावे हलली. २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. गडाच्या नावानंतर सुमारे साडेतीनशे वर्षांनी!

आपण या रानाला ‘मनुष्याचा स्पर्श नसलेले’ म्हणतो, ते आम्हांस पटत नाही. स्पर्श होता, तो काढून घेतला गेला. रान राखले हे चांगलेच झाले, परंतु त्याची किंमत दुर्बीण घेऊन येणाऱ्यांनी दिलेली नाही.

उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावर जुन्या घरांचे चौथरे उघडे पडतात. टिटवी अशाच उघड्या जमिनीवर अंडी घालते. पक्ष्यांची टिपणे करणाऱ्या आमच्या मित्रांना एवढीच विनंती की, टिटवीची नोंद करताना त्या चौथऱ्याच्या गावाचे नावही नावाड्याला विचारावे आणि त्याच वहीत लिहून घ्यावे.