बाजार समितीचा परवाना आणि चम्पेय्यक्खन्धक

संविधानाचा अभ्यास आपल्याकडे बहुधा उद्देशिका व मूलभूत हक्क येथेच थांबतो. प्रशासकीय कायदा हा विषय वकिलीच्या परीक्षेपुरता समजला जातो. आमच्या मते ही मोठी उणीव होय. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेपुढे मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, संविधानात प्रशासनाचा एवढा तपशील कशासाठी, या आक्षेपाला उत्तर दिले होते. संविधानाचे रूप तसेच ठेवून केवळ प्रशासनाचे रूप बदलले, तरी संविधान विकृत करता येते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता.

हे तत्त्व समजून घेण्यास नवी मुंबईतील एपीएमसी मार्केटसारखी दुसरी पाठशाळा नाही. नियंत्रित बाजाराचा आपल्याकडील इतिहास वऱ्हाडातील कारंज्याच्या कापूस बाजारापासून, म्हणजे 1886 पासून सांगितला जातो. महाराष्ट्राचा कृषी उत्पन्न पणन कायदा 1963 चा, मुंबईची बाजार समिती 1977 ची. आणि मशीद बंदर, भायखळा येथील घाऊक व्यापार पुढे 1996 पर्यंत टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भे येथे आला. येथे विधिमंडळ कायदा करते, शासन नियम करते, समिती उपविधी करते आणि शेवटी एखादा अधिकारी आडत्याचा परवाना निलंबित करतो. सामान्य माणसास राज्यसंस्था भेटते ती या शेवटच्या पायरीवर. अनुच्छेद 13 मध्ये ‘कायदा’ या शब्दाच्या व्याख्येत उपविधी व अधिसूचना यांचाही समावेश केलेला आहे, याचे मोल येथे कळते.

परवानाधारकाचे म्हणणे ऐकल्याविना परवाना रद्द करता येत नाही. प्रशासकीय निर्णयांनाही नैसर्गिक न्यायाची तत्त्वे लागू होतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये क्रैपाक खटल्यात स्पष्ट केले. पाली वाचकास मात्र येथे महावग्गातील चम्पेय्यक्खन्धक आठवल्यावाचून राहणार नाही. काशी जनपदातील वासभगामात कस्सपगोत्त नावाचा भिक्खू आगंतुक भिक्खूंची मनोभावे व्यवस्था ठेवीत असे. ते तेथे रुळले आहेत असे पाहून त्याने यागू व भोजनाची खटपट थांबविली. रुष्ट झालेल्या आगंतुकांनी त्यास आपत्ती लावून उत्क्षेपित केले, म्हणजे संघाच्या व्यवहारातून दूर ठेवले. तो चालत चम्पेस गेला. तथागतांनी त्यास निर्दोष ठरविले व ते कर्म अधार्मिक म्हणून रद्द केले. पुढे उपालीच्या प्रश्नांवर निर्णय येतो: जे कर्म समक्ष करावयाचे ते परोक्ष केले, जे विचारून करावयाचे ते न विचारता केले, तर ते अधम्मकम्म होय. क्रैपाकचा निकाल विनयावरून आला असे कोणी म्हणू नये. त्याची परंपरा इंग्रजी कायद्याची आहे. खुद्द बाबासाहेबांनीही 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात, संघाचे सभानियम बुद्धाने तत्कालीन राजकीय सभांवरून घेतले असावेत, असेच म्हटले होते.

आता हमालाकडे वळू. आडत्याजवळ निदान परवाना असतो. दिवसभरात दहा गाळ्यांचा माल पाठीवर वाहणाऱ्याचा मालक कोणता? 1969 च्या माथाडी कायद्याने यास उत्तर दिले. मालक व कामगार दोघांची मंडळाकडे नोंदणी, मजुरी मंडळामार्फत, वर लेव्ही. आणि मंडळावर मालक, कामगार व शासन या तिघांचे प्रतिनिधी. नोंद झालेला हमाल त्यायोगे कायद्याच्या दृष्टीस पडू लागला. या कायद्याचा अभ्यास विधी महाविद्यालयांतून जेवढा व्हावयास हवा तेवढा होत नाही, असे आम्हांस वाटते.

विनयात संघकर्मास सीमा लागते, बाजार समितीस बाजारक्षेत्र लागते. 2016 मध्ये राज्याने फळे व भाजीपाला नियमनातून वगळला. 2020 च्या केंद्रीय कायद्याने तर बाजार आवाराबाहेरील सर्व प्रदेश खुला व्यापारक्षेत्र ठरविला. ‘बाजार व जत्रा’ हा विषय राज्यसूचीतील असताना संसदेस हा अधिकार आहे काय, यावर वाद झाला. जानेवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंमलबजावणीस स्थगिती दिली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस संसदेने कायदा मागे घेतला. अधिकाराच्या प्रश्नावर अंतिम निकाल झालाच नाही. माल सीमेबाहेर उतरला, तर नोंदीतील टोळीस काम कोण देणार, हा तुर्भ्यातील प्रश्नही त्याबरोबर तसाच राहिला.