व्याजाची चाहूल : १८६५ ची मुंबई आणि आपण



मराठीच्या अध्यापकाने बाजारभावाविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण नानाखेड्यात, म्हणजे उज्जयिनीच्या भूमीवर उभे राहिले की कालिदास आठवतो आणि कालिदासामागोमाग डॉ. भाऊ दाजी लाड आठवतात. कालिदासाच्या काळाविषयी मुंबईच्या एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचणारे हे व्यासंगी संशोधक आणि निष्णात वैद्य शेअरांच्या वेडात आपली मिळकत गमावून बसले. एवढ्या शहाण्या माणसाला संकटाची चाहूल कशी लागली नाही, हा आजच्या व्याख्यानाचा प्रश्न आहे.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्या मुंबईकडे वळल्या. कापसाच्या मोबदल्यात रुप्याचा ओघ मुंबईत सुरू झाला. पैसा उदंड आणि तो गुंतवायला जागा थोड्या, म्हणून नव्या बँका व समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा भाग पन्नास हजारांच्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर भाव ठरू लागले. बँक ऑफ बाँबेवरील कर्जाचे जुने निर्बंध १८६३ च्या कायद्याने सैल झाले होते. ती शेअरांच्या तारणावर कर्ज देई, आणि त्या कर्जातून पुन्हा शेअरच घेतले जात.

याच वेळी लंडनमध्ये वेगळी हालचाल चालू होती. कापसासाठी पूर्वेकडे जाणारे सोनेरुपे थोपवण्यासाठी बँक ऑफ इंग्लंडने १८६४ साली व्याजाचा दर नऊ टक्क्यांपर्यंत चढवला. म्हणजे मुंबईच्या भरभराटीचीच सावली लंडनच्या दरावर पडली होती! ठेवीवर सुखाने अधिक व्याज मिळू लागले की उद्याच्या नफ्याच्या आशेवर आज चढा भाव देण्याचे कारण उरत नाही; आणि उसन्या पैशावर खेळणाऱ्याचा तर श्वासच कोंडतो. पण मुंबईचे लक्ष रणांगणाकडे होते, दराकडे नव्हते.

एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण आला. कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ ही असंख्य वायद्यांची मुदत होती. ती आली आणि देणेकरी उघडे पडले. बॅकबेचा भाग दोन हजारांच्याही खाली गेला. १८६६ च्या मे महिन्यात लंडनची ओव्हरएंड गर्नी ही पेढी बुडाली आणि तेथील दर दहा टक्के झाला. १८६८ साली जुनी बँक ऑफ बाँबे बंद करून त्याच नावाची नवी बँक उभारावी लागली.

आमच्या माळव्याच्या सराफ्यातही हुंडणावळ चढली की जाणते सराफ हात आखडता घेत. दर प्रत्यक्ष वाढण्यापूर्वीचे दिवसच अधिक अस्वस्थ असतात. 'वाढेल की नाही, वाढला तर किती' या तर्कावर कुणी घाईने विकतो, कुणी हट्टाने धरून बसतो. ४ मे २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने नियोजित बैठकीची वाट न पाहता रेपो दर ४ वरून ४.४० टक्के केला. त्या दिवशी सेन्सेक्स तेराशे अंशांहून अधिक घसरला. एकशे साठ वर्षांत साधने बदलली; मन मात्र तेच राहिले.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांची निवृत्तीची पुंजी आज बाजारात आहे. बाजारापासून दूर पळा, असे मी म्हणणार नाही. व्याजाचा दर चढतो तेव्हा तो प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो : हा पैसा तुझा, की उसना? स्वतःच्या, आणि नजीकच्या गरजेबाहेरच्या पैशाने उभा असलेला माणूस मंदी सोसून वाट पाहू शकतो. उसन्या पैशावर उभ्या असलेल्याला थांबण्याची मुभाच नसते. १८६५ साली बुडालेल्यांत अडाणी फार थोडे होते. वाट पाहण्याची सोय नसलेले फार होते.

त्या तेजीतले काय टिकले? प्रेमचंद यांनी १८६४ साली विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून राजाबाई टॉवर आणि ग्रंथालय उभे राहिले. भाऊ दाजींची मिळकत गेली, तरी त्यांचा व्यासंग सुटला नाही. १८७४ साली ते निवर्तले. त्यांचे निबंध आजही अभ्यासले जातात. ज्या शाळेने आपल्याला अंकगणितातले व्याज शिकवले, तिच्या प्रांगणात हा हिशेब मांडता आला, याचे समाधान वाटते.