पाठमोरी चढलेली मोटार

आजोबा कोल्हापूरहून रत्नागिरीला निघायचे म्हटलं की आजी आदल्या रात्रीच दशम्या करायला घ्यायची. दुधात भिजवलेल्या, दोन दिवस टिकतील अशा. सर्व्हिस मोटार, म्हणजे खासगी प्रवासी गाडी, त्याच दिवशी पोचेल, असं कुणीच गृहीत धरत नसे. बरोबर लसणाची चटणी, गुळाचा खडा आणि फिरकीचा तांब्या.

तांब्यातलं पाणी पुष्कळदा मोटारीलाच लागायचं. परतताना आंबा घाट चढू लागलं की रेडिएटर उकळायचा. गाडी थांबली की क्लीनरचं पोर उडी टाकून मागच्या चाकाला लाकडी ठोकळा लावायचं. ब्रेकपेक्षा त्या ठोकळ्यावर आमचा जीव, असं आजोबा म्हणत.

एक फोर्ड गाडी घाट पाठमोरी चढल्याचंही ते सांगत. गाडी वकिलाची की डॉक्टरांची, हे दर वेळी बदलायचं. गोष्ट मात्र पटण्यासारखी आहे. फोर्डची ‘मॉडेल टी’ 1908 ते 1927 या काळात निघाली. तिची पेट्रोलची टाकी बहुतेक वर्षं पुढच्या सीटखाली होती आणि पंप नव्हता. पेट्रोल आपसूक खाली वाहत इंजिनाला मिळायचं. टाकी रिकामी होत आली आणि चढावर गाडीचं नाक वर झालं की इंजिन उपाशी. मग गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढवायची. हँडल मारतानाही अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिननं उलटा हिसका दिला तर मनगट मोडायचं.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग आलं आणि मोटारींच्या पाठीला कोळशाचा बंब लागला. कोंडलेल्या हवेत कोळसा अर्धवट जाळायचा आणि निघालेल्या गॅसवर इंजिन चालवायचं. ताकद कमी पडायची, म्हणून चढ आला की उतारू खाली. भल्या पहाटे बंब पेटवून पंखा फिरवायचं काम पुन्हा क्लीनरचंच. काळवंडलेल्या हातांनी ती पोरं दशमी घ्यायला संकोचायची, म्हणून आजोबा तुकडा मोडून थेट तोंडात भरवत. हे मात्र आजीनं सांगितलेलं.

1 जून 1948 ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि पुढे सर्व्हिस मोटारी मागे पडल्या. आजोबांना ड्रायव्हरांची नावं पाठ होती, क्लीनरचं एकही नव्हतं. घाटातली वाहतूक खरी त्या पोरांनी चालती ठेवली. तुमच्या घरात कुणाला त्यांतलं एखादं नाव आठवत असेल, तर विचारून लिहून ठेवा.