पडत्या काळांतील पाठीराखे

“असतील शितें तर जमतील भुतें” ही म्हण माणसाच्या स्वभावाविषयीं फारसा चांगला ग्रह करून देत नाहीं. घरचे दिवस बरे असले म्हणजे ओटीवर मंडळी दाटतात आणि दिवस फिरले म्हणजे तीच ओटी ओस पडते, हा अनुभव फार जुना आहे. खेळाच्या मैदानालाही हीच म्हण लागू पडावी असें सकृद्दर्शनीं वाटतें. संघ जिंकत असला म्हणजे प्रेक्षकांची रीघ लागते. तो हरूं लागला म्हणजे बांकें रिकामीं दिसूं लागतात. परंतु इंग्लंडांतील फुटबॉलचा इतिहास पाहतां हा हिशेब इतका सरळ नाहीं असें आढळून येतें. पराभवाच्या काळांत कांहीं मैदानें ओस पडलीं, तर कांहीं पूर्वींपेक्षांही अधिक भरलीं. एकाच शहरांत, किंबहुना एकाच संघाच्या बाबतींत, हे दोन्ही प्रकार घडलेले आहेत. तें शहर म्हणजे मँचेस्टर.

मँचेस्टरचें नांव महाराष्ट्रांतील घराघरांत एके काळीं कापडामुळें माहीत होतें. मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा ज्या लँकेशायरच्या मालाशीं होती त्याचें हें मुख्य व्यापारी केंद्र. तेथील कामगारांना शनिवारीं अर्धा दिवस सुटी मिळूं लागली आणि फुटबॉल ही त्या दुपारची ठरलेली करमणूक होऊन बसली. शहरांतील दोन मोठ्या संघांपैकीं एक १८७८ सालीं न्यूटन हीथ येथील रेल्वेच्या कारखान्यांतील कामगारांनीं काढला. १९०२ मध्यें कर्जामुळें त्याचें दिवाळें वाजलें, तेव्हां जॉन हेन्री डेव्हिस या मद्याच्या कारखानदारानें त्याला हात दिला आणि संघानें ‘मँचेस्टर युनायटेड’ हें नवें नांव धारण केलें. दुसरा संघ १८९४ पासून ‘मँचेस्टर सिटी’ या नांवानें खेळत आला आहे.

इंग्लंडांतील लीगच्या सामन्यांची रचना शिडीसारखी आहे. वर्षभराच्या सामन्यांअखेर तळाशीं राहिलेले संघ खालच्या डिव्हिजनमध्यें उतरतात आणि खालचे पहिले संघ वर चढतात. म्हणून तेथें पराभव हा केवळ एका दुपारचा विषय राहत नाहीं. सबंध वर्षभर हरणाऱ्या संघाला पुढलें वर्ष कमी मानाच्या पंगतींत काढावें लागतें. त्यांतच त्या काळीं टेलिव्हिजनचा किंवा जाहिरातींचा पैसा नव्हता. मैदानाच्या दारावर जमा होणारी प्रवेशाची रक्कम हेंच संघाचें मुख्य उत्पन्न. खेळाडूचा जास्तींत जास्त पगार आठवड्याला आठ पौंड असा नियमानें बांधलेला होता. पण तो देखील दारावरच्या गल्ल्यांतूनच द्यावा लागे. प्रेक्षक आला नाहीं तर संघाच्या घरांत चूल पेटत नसे, असें म्हटलें तरी चालेल.

अशा स्थितींत १९३० सालचा हंगाम सुरू झाला. युनायटेडनें १९०८ व १९११ या वर्षीं लीगचें अजिंक्यपद मिळविलें होतें आणि १९१० पासून ‘ओल्ड ट्रॅफर्ड’ हें भव्य मैदान त्याचें घरचें मैदान होतें. परंतु डेव्हिस १९२७ मध्यें वारले आणि संघाचा आश्रय गेला. १९३०–३१ च्या हंगामांत युनायटेडनें लीगचे पहिले बारा सामने एकामागून एक गमावले. सप्टेंबर महिन्यांत घरच्या मैदानावर लागोपाठच्या दोन सामन्यांत हडर्सफील्डनें सहा आणि न्यूकॅसलनें सात गोल चढविले. तेव्हां पाठीराख्यांच्या मंडळानें चालकांपुढें आपल्या मागण्या मांडल्या. नवा व्यवस्थापक नेमावा, होतकरू खेळाडू हुडकण्याची नीट व्यवस्था करावी, नवे खेळाडू घ्यावेत आणि चालक मंडळांत नवीं माणसें यावींत, असा त्यांचा आशय होता. चालकांनीं त्यांची दाद घेतली नाहीं.

१७ ऑक्टोबर १९३० रोजीं रात्रीं ह्यूम येथील टाउन हॉलमध्यें पाठीराख्यांची सभा भरली आणि दुसऱ्या दिवशींच्या आर्सेनलविरुद्धच्या सामन्यावर बहिष्कार घालावा असें ठरलें. अजिंक्यपदाच्या काळांतील युनायटेडचे नामांकित कप्तान चार्ली रॉबर्ट्स यांनीं बहिष्काराला विरोध केला. दोन्ही पक्ष संघावर प्रेम करणारेच होते, हें येथें ध्यानांत घेण्यासारखें आहे. पैसे देऊन आंत जावें तर बेफिकीर चालकांचे हात बळकट होतात. बाहेर राहावें तर ज्याच्यासाठीं हा खटाटोप तो संघच उपाशी मरतो. आजारी माणसाच्या उशाशीं बसून वैद्य बदलावा कीं नाहीं याचा वाद घालणाऱ्या आप्तांसारखी त्यांची अवस्था झाली होती.

दुसऱ्या दिवशीं सामन्याला २३,४०६ प्रेक्षक आले. त्या दिवसापुरता बहिष्कार फसला असेंच म्हणावें लागतें. कारण आर्सेनल हा त्या वेळचा सर्वांत गाजलेला संघ होता आणि त्याचा खेळ पाहण्याचा मोह अनेकांना आवरला नाहीं. परंतु सभेचे ठराव जें करूं शकले नाहींत तें पुढील महिन्यांनीं केलें. त्या हंगामांतील ४२ सामन्यांपैकीं २७ सामने युनायटेडनें गमावले आणि ११५ गोल पत्करले. २ मे १९३१ रोजीं मिडल्सबरोविरुद्ध झालेल्या अखेरच्या सामन्याला अवघे ३,९६९ प्रेक्षक होते. पुढील हंगामांत, दुसऱ्या डिव्हिजनमध्यें उतरल्यानंतर, २ सप्टेंबर १९३१ रोजीं साउदॅम्प्टनशीं झालेल्या सामन्याला ही संख्या ३,५०७ वर आली. हजारों माणसांसाठीं बांधलेल्या त्या मैदानांत तेवढे लोक म्हणजे लग्नाच्या मांडवांत चार पाहुणे.

या ओसाडीचीं कारणें एकाहून अधिक होतीं. लँकेशायरमध्यें तेव्हां मंदीचा कहर झाला होता. गिरण्या बंद पडत होत्या आणि बेकारांची संख्या वाढत होती. त्याच सप्टेंबर महिन्यांत गोलमेज परिषदेसाठीं इंग्लंडला गेलेले गांधीजी लँकेशायरमध्यें जाऊन विदेशी कापडावरील बहिष्काराची झळ लागलेल्या गिरणी-कामगारांना भेटले, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. ज्याला आठवड्याच्या पगाराची शाश्वती नाहीं त्यानें हरणाऱ्या संघासाठीं खिशांतील शिलिंग खर्च केला नाहीं तर त्याला बेइमान कोणत्या तोंडानें म्हणावें? दुसरें असें कीं, त्या काळचा मँचेस्टरचा प्रेक्षक पुढील काळाइतका एकपक्षी झालेला नव्हता. एका शनिवारीं युनायटेडचा आणि पुढच्या शनिवारीं सिटीचा सामना पाहणारे लोक पुष्कळ होते. एक दुकान बिघडलें तर गिऱ्हाइकाला दुसरें जवळच होतें.

तरीही केवळ मंदी आणि केवळ पराभव यांनीं सर्व उलगडा होत नाहीं, हें त्याच वर्षाच्या डिसेंबरनें दाखवून दिलें. नाताळ तोंडावर आला असतां बँकेनें आणखी कर्ज देण्याचें नाकारलें आणि खेळाडूंचे पगार द्यावयास संघाजवळ पैसा उरला नाहीं. तेव्हां जेम्स गिब्सन या गणवेशाच्या कापडांच्या कारखानदारानें दोन हजार पौंड पुढें केले आणि खेळाडूंच्या घरीं नाताळच्या मेजवानीची सोयही केली. लोकांची साथ मिळाल्यास पुढील भार उचलण्याची तयारी त्यानें दाखविली. २५ डिसेंबर १९३१ रोजीं वुल्व्हरहॅम्प्टनविरुद्धच्या सामन्याला ओल्ड ट्रॅफर्डवर ३३,१२३ प्रेक्षक जमले. नाताळच्या सुटींत गर्दी नेहमींच अधिक होत असे, हें मान्य करूनही हा फरक लहान नाहीं. संघ त्या आठवड्यांत कांहीं एकाएकीं सुधारला नव्हता. तो सामना त्यानें ३–२ असा जिंकला खरा, पण दुसऱ्याच दिवशीं त्याच प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर सात गोलांनीं सपशेल हार खाल्ली. खेळाडू तेच होते, मंदी तीच होती आणि लीगमधील स्थानही समाधानकारक नव्हतें. बदललें तें एवढेंच कीं, या संघाची काळजी वाहणारें कोणीतरी आहे आणि तें आपल्याला विचारीत आहे, असें लोकांना दिसलें.

पुढला मार्गही सुखाचा नव्हता. १९३४ च्या मे महिन्यांत युनायटेड तिसऱ्या डिव्हिजनच्या उंबरठ्यावर उभा होता. ५ मे रोजीं अखेरच्या सामन्यांत मिलवॉल संघाला त्याच्याच मैदानावर २–० असें हरवून तो वांचला आणि मिलवॉल खालीं गेला. १९३६ मध्यें वर, १९३७ मध्यें खालीं आणि १९३८ मध्यें पुन्हां वर, असे हेलकावे चालूच राहिले. मार्च १९४१ मध्यें जर्मन बाँबहल्ल्यांत ओल्ड ट्रॅफर्ड उद्ध्वस्त झालें आणि १९४९ पर्यंत युनायटेडला प्रतिस्पर्धी सिटीच्या ‘मेन रोड’ या मैदानावर भाड्यानें खेळावें लागलें. त्याच परक्या मैदानावर १७ जानेवारी १९४८ रोजीं युनायटेड आणि आर्सेनल यांच्या सामन्याला ८३,२६० प्रेक्षक आले. इंग्लिश लीगच्या सामन्यांतील हा उच्चांक ठरला. ज्या आर्सेनलच्या सामन्यावर बहिष्कार पुकारला गेला होता त्याच आर्सेनलच्या सामन्याला, स्वतःचें छप्पर नसतां, ही गर्दी लोटली.

फेब्रुवारी १९५८ मधील म्यूनिकच्या विमान-अपघातांत संघाचे आठ खेळाडू गेले आणि युनायटेडशीं असलेलें लोकांचें नातें निराळ्याच भावनेनें घट्ट झालें. म्हणूनच १९७४ मध्यें संघ पुन्हां दुसऱ्या डिव्हिजनमध्यें घसरला तेव्हां १९३१ ची पुनरावृत्ति झाली नाहीं. १९७४–७५ च्या हंगामांत त्याच्या घरच्या सामन्यांना सरासरी अठ्ठेचाळीस हजारांवर प्रेक्षक येत होते. पहिल्या डिव्हिजनमधील कोणत्याही संघाला त्या वर्षीं इतके प्रेक्षक लाभले नाहींत. अर्थात् या निष्ठेला काळी बाजूही होती. परगांवच्या मैदानांवर युनायटेडच्या तरुण पाठीराख्यांनीं केलेल्या दंग्यांनीं तो हंगाम कुप्रसिद्ध केला. गर्दी मोठी असली म्हणजे ती सद्गुणी असतेच असें नाहीं.

शहराच्या दुसऱ्या संघाची परीक्षा याहून उशिरा झाली. मँचेस्टर सिटीचा स्वभावच तऱ्हेवाईक. १९३७ मध्यें लीगचें अजिंक्यपद मिळवावें आणि १९३८ मध्यें, डिव्हिजनमधील सर्वांत जास्त गोल करूनही, खालीं उतरावें, असा त्याचा लौकिक. पुढें पीटर स्वेल्स यांच्या वीस वर्षांच्या अध्यक्षपदाच्या अखेरीस पाठीराख्यांनीं त्यांच्याविरुद्ध मोठी चळवळ केली आणि १९९४ च्या फेब्रुवारींत माजी खेळाडू फ्रॅन्सिस ली यांच्या हातीं कारभार आला. ज्याला चळवळीनें आणलें त्याच्याही कारकीर्दींत संघ घसरतच गेला. ३ मे १९९८ रोजीं स्टोक संघावर ५–२ असा विजय मिळवूनही सिटी आपल्या इतिहासांत प्रथमच तिसऱ्या पायरीवर उतरला.

येथें मैदान ओस पडावयास हरकत नव्हती. परंतु १९९८–९९ च्या हंगामांत मेन रोडवर लीगच्या सामन्यांना सरासरी २८,००० हून अधिक लोक आले. ब्लॅकपूलविरुद्धच्या पहिल्याच सामन्याला ३२,१३४ प्रेक्षक होते. हे लोक आंधळे भक्त मात्र नव्हते. डिसेंबरमध्यें एका दुय्यम चषकासाठीं मॅन्सफील्डशीं सामना झाला तेव्हां त्याच मैदानांत केवळ ३,००७ माणसें हजर होतीं आणि सिटी तेथेंही हरला. त्याच महिन्यांत यॉर्क येथें पराभव पत्करून संघ बाराव्या स्थानावर गेला. तरी २८ डिसेंबरला स्टोकविरुद्धच्या सामन्याला तीस हजारांवर लोक पुन्हां आले. कोणता प्रसंग घरच्या कार्याचा आणि कोणता नुसत्या उपचाराचा, हें त्यांना चांगलें कळत होतें.

त्या हंगामाचा शेवट ३० मे १९९९ रोजीं लंडनच्या वेंब्ली मैदानावर झाला. चारच दिवसांपूर्वीं युनायटेडनें बार्सेलोना येथें युरोपचें अजिंक्यपद जिंकलें होतें, आणि सिटीला केवळ दुसऱ्या पायरीवर चढण्यासाठीं जिलिंगहॅमशीं झुंजावें लागत होतें. सामन्याला सुमारे ७७,००० प्रेक्षक होते. सामना संपावयास तीनचार मिनिटें उरलीं असतां जिलिंगहॅम २–० असा पुढें गेला. सिटीचे कित्येक पाठीराखे उठून चालूं लागले. नव्वदाव्या मिनिटाला केव्हिन हॉरलॉकनें एक गोल केला आणि वाढीव वेळेच्या पांचव्या मिनिटाला पॉल डिकॉव्हनें बरोबरी साधली. बाहेर पडलेले कित्येकजण आरोळी ऐकून परत धांवले. अखेर पेनल्टींवर सिटी ३–१ असा विजयी झाला. वर्षभर पराभव सोसलेलीं तींच माणसें शेवटच्या क्षणीं उठून गेलीं म्हणून त्यांची निष्ठा खोटी ठरत नाहीं. तीन मिनिटें धीर सुटला तरी दहा महिन्यांची हजेरी पुसली जात नसते.

मँचेस्टरच्या या इतिहासावरून पाठीराख्यांच्या निष्ठेचें खरें स्वरूप स्पष्ट होतें. पराभव लोकांना दूर लोटतो हें अर्धेंच सत्य आहे. पराभव तर १९३१ च्या नाताळांतही होता आणि १९९८ मध्यें त्याहून मोठा होता. लोक पुष्कळ सोसतात. ज्याला आपलें मानलें त्याचें अपयशही आपलेंच समजून त्याचा वांटा उचलतात. मात्र आपलेपण एकतर्फी आहे, चालकांना आपली पर्वा नाहीं, असें दिसलें कीं त्यांचे पाय अडखळतात. अशा वेळीं रिकामें बांक हें फितुरीचें चिन्ह नसून पुष्कळदां रुसव्याचें असतें. आणि रुसतें तें घरचेंच माणूस. शितें सरल्यावर जाणारीं भुतें परत बोलावण्याच्या भानगडींत कोणी पडत नाहीं. रुसून गेलेला मात्र दाराच्या आसपासच घोटाळत असतो आणि आंतून हाक ऐकूं आली कीं, दुसऱ्या दिवशीं सात गोलांनीं हरावयाचें असलें तरी, नाताळच्या थंडींत तेहतीस हजारांच्या संख्येनें परत येतो.