शुगर नॉर्मल झाली, तरी रक्तवाहिन्या विसरत नाहीत

मधुमेहींना लकवा, म्हणजे ब्रेन स्ट्रोक, होण्याचा धोका इतरांपेक्षा साधारण दीड ते दोन पट असतो. "आमच्या खानदानातच शुगर आहे, काय करणार?" असे अनेक जण म्हणतात. पण शरीरात जनुक असणे वेगळे आणि ते चालू असणे वेगळे.

पेशीतील डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. या प्रथिनांवर बारीक रासायनिक खुणा लागतात. काही खुणांमुळे जनुक चालू होते, काहींमुळे बंद. जनुक तेच राहते, त्याचे बटण बदलते. यालाच एपिजेनेटिक्स म्हणतात.

साखर हे बटण दाबू शकते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये मानवी महाधमनीच्या अस्तरातील पेशी १६ तास जास्त साखरेत ठेवल्या, नंतर सहा दिवस नेहमीच्या साखरेत. तरीही सूज वाढवणाऱ्या पी-६५ या जनुकावरची खूण गेली नाही आणि ते जोरात चालूच राहिले. अशी सूज टिकली की रक्तवाहिनीत चरबीचा थर साचतो, गुठळी होते. ती मेंदूकडे जाणाऱ्या वाहिनीत अडकली की लकवा होतो.

माणसांतही असाच प्रकार दिसला. अमेरिका-कॅनडातील टाइप १ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवरील अभ्यास १९९३ मध्ये संपला. पुढे दोन्ही गटांची शुगर जवळपास सारखी झाली. तरी आधी काटेकोर उपचार घेतलेल्यांमध्ये हार्ट अटॅक, लकवा आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ५७ टक्क्यांनी कमी आढळले. डॉक्टर याला 'मेटाबॉलिक मेमरी' म्हणतात.

म्हणून "त्रास तर काही होत नाही, बघू नंतर" असे म्हणू नका. सुरुवातीची वर्षेच मोलाची असतात. बीपीही सांभाळा: ब्रिटनमधील अभ्यासात टाइप २ मधुमेहींचे बीपी काटेकोर ठेवल्याने लकवा ४४ टक्क्यांनी घटला. तंबाखू, सिगारेट सोडा. मात्र गोळीचा डोस मनाने वाढवू नका. शुगर एकदम उतरणेही घातक असते.

तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, यातले एक जरी अचानक दिसले, तर मालिश किंवा घरगुती इलाजात वेळ घालवू नका. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. लगेच सीटी स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात न्या.