मागांचे गाव आणि गिरणीतला शाहीर

भिवंडीच्या महापालिकेच्या नावात निजामपूर अजून शाबूत आहे: भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिका. कोकणी मुसलमानांच्या या जुन्या गावात १८५७ नंतर उत्तर प्रदेशातून मोमीन विणकर येत गेले. पुढे हातमागांच्या जागी यंत्रमाग बसले आणि धोट्याच्या खडखडाटात दोन कामगारांना एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलण्याची सवय लागली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात लाखोंच्या सभा ज्याने हलवल्या, तो आवाजही कापडाच्या गिरणीतूनच आला होता. तो मात्र भिवंडीतला नव्हे, बार्शीचा. मेहबूब हुसेन पटेल, म्हणजेच शाहीर अमर शेख.

जन्म २० ऑक्टोबर १९१६. गाण्याचे पहिले धडे आई मुनेरबीच्या ओव्यांतून मिळाले. पोटासाठी मेहबूब मोटारीवर क्लीनर झाला, मग गिरणीत कामगार. गिरणीच्या संपात पुढे राहिल्याने विसापूरचा तुरुंग वाट्याला आला आणि तुरुंगातून बाहेर पडला तो कम्युनिस्ट होऊन. पुढे कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या स्टुडिओत काही काळ काम केले. ‘अमर शेख’ हे नाव तिथेच पडले. टोपणनाव घेणारे कवी पुष्कळ झाले. टोपणनावात ‘शेख’ असलेला शाहीर अख्ख्या महाराष्ट्राने आपला म्हणून डोक्यावर घेतला, हे मात्र एकदाच घडले.

१९४४ साली अण्णा भाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. वेगवेगळ्या घरांतली ही तीन माणसे एका मंचावर आली. अण्णा भाऊंची लेखणी आणि शेखांचा गळा, अशी कामाची ढोबळ वाटणी लोकांच्या आठवणीत राहिली आहे. ती पुरती खरी नाही. ‘अमरगीत’ आणि ‘पहिला बळी’ हे नाटक १९५१चे, ‘कलश’ हा काव्यसंग्रह १९५८चा, ‘धरतीमाता’ १९६३चा. हा माणूस लिहीतही होता. पण हातात डफ आला आणि तो पहाडी आवाज लागला की त्याच्या छापील ओळी कोणाला आठवणार? आचार्य अत्र्यांनी रशियन क्रांतिकवीच्या नावाने त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटले. गंमत अशी, की ‘प्रपंच’ (१९६१) चित्रपटात हा शाहीर कुंभार झाला, पण त्यातले कुंभाराचे अजरामर गाणे आहे सुधीर फडक्यांच्या आवाजात.

शेखांना जगात जोड शोधायची तर ती जमैकात सापडते. किंग्स्टनच्या ट्रेंचटाउन वस्तीत वाढलेला बॉब मार्ले (१९४५–१९८१) पोरवयात वेल्डिंग शिकत होता. त्याचे रेगे गरिबांच्या गल्लीत जन्मले, आणि सत्ताधाऱ्यांना त्याची दखल घ्यावी लागली. डिसेंबर १९७६ मध्ये मार्लेवर घरात घुसून गोळ्या झाडल्या गेल्या. दोनच दिवसांनी तो ठरलेल्या मैफलीत गायला. २२ एप्रिल १९७८ रोजी, दोन पक्षांच्या टोळीयुद्धात किंग्स्टन पेटलेले असताना, त्याने पंतप्रधान मायकेल मॅनली आणि विरोधी नेते एडवर्ड सिआगा यांना मंचावर बोलावले आणि दोघांचे हात आपल्या हातात धरून उंच केले. खून त्यानंतरही थांबले नाहीत. मार्लेचा आवाज तबकड्यांनी जगभर नेला. अमर शेखांची सद्दी मैदानातली, जे समोर होते त्यांच्याचपुरती.

शेखांच्या पोवाड्यांचे नायक पाहिले की त्यांचे राजकारण कळते: छत्रपती शिवाजी महाराज, होळकर, उधमसिंग. शिवाजीचा पोवाडा जुना. अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा प्रसिद्धच आहे. १८६९ साली जोतीराव फुल्यांनी पोवाड्यातच शिवाजीला रयतेचा, कुणब्यांचा राजा म्हणून उभे केले. त्या ओळीत पुढे एक मुसलमान गिरणी कामगार बसतो, आणि समोरच्या गर्दीला त्यात वावगे काही वाटत नाही. १ मे १९६० ला राज्य मिळाले, त्यामागे हीही एकजूट होती.

२९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले.

त्यानंतर जेमतेम आठ महिने उलटले. ७ मे १९७० रोजी भिवंडीत शिवजयंतीची मिरवणूक निघाली आणि गाव पेटले. पाठोपाठ जळगाव आणि महाडही. न्यायमूर्ती द. प. मादन यांच्या आयोगाने पुढे या दंगलींची तपशीलवार चौकशी केली. मशिदीसमोरून मिरवणूक, गुलाल, घोषणा यांवरून वाद आधीची काही वर्षे तापत आले होते. एका शाहिराच्या जाण्याने दंगल होत नसते, आणि तो असता तर टळली असती असे म्हणणे भाबडेपणाचे. तरी ज्या राजाचे नाव घेऊन शेखांनी सगळ्यांना एका मैदानात बसवले, त्याच नावाने मागवाल्यांच्या वस्त्या जळाव्यात, ही तारखांची शेजारशेजारची नोंद अस्वस्थ करते. १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. मग पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या, आणि १९९२-९३ ला मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली.

शेखांचा वारसा सांगताना मुंबई विद्यापीठातल्या त्यांच्या नावाच्या अध्यासनाचा उल्लेख होतो. कन्या मल्लिका अमर शेख यांनी वडिलांवर ‘सूर एका वादळाचा’ हे पुस्तक केले. स्वतःच्या कवितेने आणि आत्मचरित्राने त्यांनी वेगळीच वाट धरली. पण शेखांचा डफ खरा पुढे नेला तो वस्त्यांतल्या शाहिरांनी. विलास घोगरे त्यांतले एक. जुलै १९९७ मध्ये घाटकोपरच्या रमाबाई नगरातल्या गोळीबारानंतर त्यांनी आपले जीवन संपवले. संभाजी भगत दुसरे. २०१२ साली ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक आले: संकल्पना आणि संगीत भगतांचे, लेखन राजकुमार तांगडे यांचे, दिग्दर्शन नंदू माधव यांचे, नटमंडळी बरीचशी जालना जिल्ह्यातली शेतकरी पोरे. यम शिवाजीला न्यायला येतो, आणि राजांचा जिरेटोप कोणाच्या डोक्यावर बसतो याचा शोध सुरू होतो. उत्तरार्धात दोन शाहीर आमनेसामने उभे राहतात आणि शिवाजी नेमका कोणाचा, यावर सवाल-जवाब रंगतात.